आईच्या बोलीने दाखवले घर

ही गोष्ट एका हरवलेल्या मुलीची आहे. मुलगी माणसाची नाही, समुद्रातली. पण वाचताना तुम्हाला हा फरक फारसा जाणवेल असे वाटत नाही.

२००२ सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराजवळच्या पाण्यात ओर्काचे एक पिल्लू एकटेच फिरताना दिसू लागले. हे पाणी गजबजलेले. दिवसभर फेरीबोटींची ये-जा, मालवाहू जहाजांची घरघर. पिल्लू जेमतेम दोन वर्षांचे होते. कातडी ठिकठिकाणी रोगाने खरबरीत झाली होती, पोटात जंत होते, उच्छ्वासाला उग्र वास येत होता. उपाशी शरीर स्वतःची चरबी जाळू लागले की असा वास येतो. पाण्यात तरंगणाऱ्या लाकडी ओंडक्याला ते तासन्‌तास अंग घासत राही. बोट दिसली की जवळ जाई. खेळण्यासाठी नव्हे, सोबतीसाठी.

ओर्का म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचा तो मोठा सागरी प्राणी, ज्याला इंग्रजी नावावरून आपल्याकडे ‘किलर व्हेल’ म्हणतात. खरे तर तो डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा सदस्य. आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा. ओर्काचे पिल्लू कधी एकटे नसते. म्हणून ज्यांनी ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनात पहिला प्रश्न एकच आला: हे कोणाचे मूल?

आश्चर्य म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि तेही पिलाच्या आवाजावरून. त्याचा आवाज पाण्याखाली ध्वनिमुद्रित करण्यात आला. वर्षानुवर्षे ओर्कांची बोली ऐकणाऱ्या अभ्यासकांनी तो ऐकला आणि ओळखले की ही बोली इथली नाही. ती उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटरवर, कॅनडातल्या जॉनस्टोन सामुद्रधुनीत उन्हाळा काढणाऱ्या एका विशिष्ट कुटुंबाची आहे. डोळ्याजवळच्या पांढऱ्या ठिपक्याच्या आकारावरूनही खात्री पटली. ही मादी होती. नोंदवहीत तिचा क्रमांक ए-७३ आणि नाव स्प्रिंगर. तिची आई दिसेनाशी झाली होती, ती मेली असावी असे मानले गेले.

आईचे नाव होते सतलज. हो, आपल्या पंजाबातली सतलज! एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराचे ‘सतलज’ नावाचे जहाज या किनाऱ्यावर होते. त्याच्यावरून तिथल्या एका खाडीला नाव पडले. या भागातल्या ओर्कांना जवळपासच्या खाड्या, बेटे, भूशिरे यांची नावे देण्याची पद्धत आहे. अशा रीतीने हिंदुस्थानातल्या एका नदीचे नाव उत्तरेच्या थंड समुद्रातल्या एका आईपर्यंत पोहोचले.

थंड पाण्याची वाट

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला व्हँकुव्हर नावाचे मोठे बेट आहे. हे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये, बेटाच्या ईशान्य बाजूला जी लांबट, अरुंद, खोल पाण्याची वाट आहे ती जॉनस्टोन सामुद्रधुनी. लांबी सुमारे ११० किलोमीटर, रुंदी मात्र चार-पाच किलोमीटरच. दोन्ही बाजूंना देवदार, स्प्रूस आणि हेमलॉकची जंगले थेट पाण्यापर्यंत उतरलेली. भरती-ओहोटीच्या वेळी पाणी नदीसारखे धावते. या जोरदार प्रवाहामुळे तळाचे थंड, सकस पाणी सतत वर येत राहते. भर उन्हाळ्यातही पाणी दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

आपल्याला थंड पाणी म्हणजे निर्जीव पाणी वाटते. इथे उलट आहे. या सकस पाण्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर हेरिंगसारखे छोटे मासे जगतात, त्यांच्यावर मोठे मासे, सील आणि पक्षी. काठाला केल्प नावाच्या समुद्री शेवाळाची झाडाएवढी उंच जंगले आहेत. उन्हाळ्यात लाखो सॅल्मन मासे समुद्रातून आपल्या जन्माच्या नद्यांकडे निघतात आणि त्यांतले पुष्कळ याच चिंचोळ्या वाटेने जातात. सॅल्मनच्या मागे ओर्का येतात. साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांचा इथे राबता असतो.

या सामुद्रधुनीच्या दक्षिण किनाऱ्याला रॉबसन बाइट नावाचा लहानसा उपसागर आहे. तिथल्या काठावर समुद्राने घासून गुळगुळीत केलेले गोटे पसरले आहेत. ओर्का काठाजवळ येतात, फुप्फुसांतली हवा सोडतात, बुडतात आणि त्या गोट्यांवर पोट, पाठ, कुशी घासतात. लहान-मोठे सगळे. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू आहे, आणि पिले आयांच्या मागे येऊनच हे शिकतात. सिअ‍ॅटलजवळ ओंडक्याला अंग घासणारी स्प्रिंगर काय शोधत होती, हे आता लक्षात यावे.

नानीचे राज्य

ओर्कांचेही वेगवेगळे समाज असतात. काही सील आणि डॉल्फिनची शिकार करतात. स्प्रिंगरचा समाज मात्र फक्त मासे खातो आणि त्यातही चिनूक या मोठ्या, चरबीदार सॅल्मनवर त्यांची विशेष मर्जी. या समाजाला अभ्यासक ‘उत्तरेचे रहिवासी’ म्हणतात.

या रहिवाशांत मुलगा असो वा मुलगी, कोणीही आईचे घर सोडत नाही. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचे तर कुटुंबात नानी असते, तिच्या मुली म्हणजे अम्मी आणि खाला असतात, तिचे मुलगे म्हणजे मामू असतात, आणि त्यांच्या भोवती नातवंडे. बाप मात्र दुसऱ्या कुटुंबातला. भेटीगाठी झाल्या की तो आपल्या आईकडे परत जातो. सहा टन वजनाचा, माणसाएवढा उंच पर पाठीवर मिरवणारा नरही आयुष्यभर आईच्या बाजूने पोहत असतो.

आई मोठ्या झालेल्या मुलालाही पकडलेल्या माशाचा वाटा देते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली तर पुढच्या वर्षभरात त्याच्या मरण्याची शक्यता सुमारे चौदा पटींनी वाढते. मादी चाळिशीनंतर सहसा पिलांना जन्म देत नाही, पण त्यानंतरही अनेक वर्षे, कधी कधी ऐंशीच्या आसपासपर्यंत जगते. निसर्गात ही फार दुर्मीळ गोष्ट. मग ही म्हातारी करते काय? ती पुढे चालते. मासे कमी असलेल्या वर्षांत कळपाच्या पुढे वयस्क माद्याच जास्त असतात, असे अभ्यासकांना आढळले. कोणत्या हंगामात, कोणत्या वळणावर सॅल्मन मिळतो, याची आठवण तिच्याकडे असते. घरात वडीलधारे का हवेत, हे समुद्रातही खरे आहे.

प्रत्येक कुटुंबाची बोली वेगळी. ठराविक हाका, त्यांचे ठराविक चढ-उतार. पिल्लू त्या आईकडून शिकते. अंधारात, गढूळ पाण्यात, किलोमीटरभर अंतरावरूनही कोण आपले आणि कोण परके हे हाकेवरून कळते.

बंदुकीपासून नोंदवहीपर्यंत

आज ही माहिती आपल्याला कौतुकाची वाटते. पण साठ वर्षांपूर्वी याच पाण्यात ओर्काकडे शत्रू म्हणून पाहिले जात होते. सॅल्मन पकडणाऱ्या कोळ्यांना तो वाटेकरी वाटे. दिसला की गोळी झाडणे ही साधी बाब होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तर सामुद्रधुनीच्या आग्नेयेला सेमूर नॅरोज या अरुंद जागेवर सरकारी मत्स्यखात्याने ओर्कांवर झाडण्यासाठी मशीनगन बसवली. सुदैवाने ती कधी चालवली गेली नाही.

मग दुसरे संकट आले. ओर्का पकडून मत्स्यालयांना विकता येतो, हे लक्षात आले. साठ आणि सत्तरच्या दशकांत जाळी लावून पिले आईपासून तोडण्यात आली. लहान पिले वाहून न्यायला सोपी, म्हणून त्यांना मागणी जास्त. १९६९ च्या डिसेंबरात पकडलेली कॉर्की ही मादी याच उत्तरेच्या रहिवाशांपैकी. तेव्हा ती साधारण चार वर्षांची होती. पुढची पन्नासहून अधिक वर्षे तिने कॅलिफोर्नियातल्या सिमेंटच्या हौदात काढली. तिथे तिने पिलांना जन्म दिला, पण एकही दोन महिने जगले नाही.

किती पकडले तर चालतील, असा प्रश्न सरकारपुढे आला. उत्तर शोधण्याचे काम मायकल बिग या शास्त्रज्ञाकडे आले. १९७१ साली त्यांनी एक साधी युक्ती केली. दीपगृहांचे रखवालदार, कोळी, बोटवाले अशा हजारो लोकांना प्रश्नपत्रिका पाठवल्या: अमुक दिवशी तुम्हाला किती ओर्का दिसले? लोकांचा समज होता की ते हजारोंनी आहेत. मोजणीत निघाले जास्तीत जास्त साडेतीनशे.

बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे फोटो काढायला सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आले की प्रत्येक ओर्काच्या पाठीवरचा पर वेगळा असतो. कुठे खाच, कुठे ओरखडा. पराच्या मागचा खोगिरासारखा राखाडी पट्टाही प्रत्येकाचा निराळा. म्हणजे एकेकाला ओळखता येत होते. मग नोंदवही तयार झाली. कोण कोणाची आई, कोण कोणाचा भाऊ, कोण यंदा आला नाही. त्या सुमारास उत्तरेच्या रहिवाशांची संख्या होती अवघी सव्वाशेच्या आसपास.

शत्रूला मोजता येते, पण नाव दिले की तो शत्रू राहत नाही. पकडापकडी सत्तरच्या दशकात थांबली. रॉबसन बाइटला मिळणाऱ्या नदीच्या खोऱ्यात जंगलतोड करून ओंडके उपसागरात साठवण्याचा बेत होता. त्याला विरोध झाला आणि १९८२ मध्ये तो उपसागर राखीव क्षेत्र ठरला. तिथे बोटी नेण्यास मनाई आहे. उन्हाळ्यात स्वयंसेवक काठावर राहून पहारा करतात आणि चुकून शिरणाऱ्या बोटींना नम्रपणे परत पाठवतात. बिग १९९० मध्ये वारले. राखीव क्षेत्राला आज त्यांचे नाव जोडलेले आहे.

घरवापसी

आता पुन्हा स्प्रिंगरकडे येऊ. हे मूल कोणाचे ते कळले होते, पण पुढे काय? मत भिन्न होते. काहींना वाटे, तिला धरायला जाऊ नये. काहींना भीती होती की घरी नेली तरी नातेवाईक तिला स्वीकारणार नाहीत, रोग कळपात पसरेल. मत्स्यालयात ठेवावे लागेल, अशीही चर्चा होती. हरवलेला ओर्का पकडून, बरा करून कुटुंबात परत सोडल्याचे उदाहरण जगात कुठेच नव्हते.

शेवटी अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे सरकारी अधिकारी, मत्स्यालयाचे डॉक्टर, अभ्यासक आणि प्राणिप्रेमी संस्था एकत्र आल्या. एरवी एकमेकांशी भांडणारी ही मंडळी. १३ जून २००२ रोजी स्प्रिंगरला अलगद पकडून समुद्रातच जाळ्याच्या कुंपणात ठेवले. औषधे दिली, मासे दिले. मात्र मासे माणूस देतो हे तिला कळू नये याची काळजी घेतली, कारण माणसाची सवय लागली की घर तुटते. महिन्याभरात तिचे वजन वाढले, कातडी सुधारली.

१३ जुलैला एका वेगवान बोटीतून तिला दिवसभराचा प्रवास करून हॅन्सन बेटाजवळच्या खाडीत आणले. हा नाम्गिस लोकांचा प्रदेश. ते इथले मूळ रहिवासी. त्यांच्या कोरीव लाकडी खांबांवर ओर्काची आकृती पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांनी होड्यांतून येऊन तिचे स्वागत केले आणि कुंपणात जिवंत सॅल्मन सोडले, पाहुणीला घरचे जेवण म्हणून.

त्या रात्री तिचे नातेवाईक जवळून गेले. पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांवर ऐकणाऱ्यांना तिच्या हाका ऐकू आल्या, मोठ्या आणि पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी कळप खाडीच्या तोंडाशी आला तेव्हा जाळ्याचा दरवाजा उघडला गेला. ती निघाली, पुढे गेली, मग बिचकून थांबली. सुरुवातीचे काही दिवस ती कळपाच्या मागे-मागे, अंतर ठेवून राहिली. मधूनच पुन्हा एखाद्या बोटीकडे वळे. पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला.

आणि मग पुढे आली साधारण सोळा वर्षांची एक मादी, नोडेल्स. तिचीही आई काही वर्षांपूर्वी गेली होती. स्प्रिंगर बोटीकडे वळली की नोडेल्स मध्ये येई आणि तिला कळपाकडे वळवी. काही दिवसांनी बोटींकडे जाणे बंद झाले. पुढे स्प्रिंगर नात्यातल्या एका कुटुंबात रुळली. पुढच्या उन्हाळ्यात सगळे सामुद्रधुनीत परत आले, तेव्हा त्यांच्यात तीही होती.

त्याच काळात व्हँकुव्हर बेटाच्या दुसऱ्या बाजूला लूना नावाचे एक नर पिल्लू असेच एकटे सापडले होते. ते दक्षिणेकडच्या समाजाचे. त्याच्याबाबत निर्णय लांबत गेले, मतभेद मिटले नाहीत. २००४ मध्ये त्याला पकडून नेण्याचा प्रयत्न फसला. लूना बोटींनाच आपले सोबती मानू लागला आणि मार्च २००६ मध्ये एका टगबोटीच्या पंख्यात सापडून मेला. दोन मुले, दोन शेवट. फरक प्रेमाचा नव्हता. लूनावरही लोकांचे प्रेम होतेच. फरक होता वेळेवर एकत्र येण्याचा.

मूल वाचले, पण घराचे काय?

मूल घरी आणले म्हणजे काम संपत नाही. घर राहण्याजोगे हवे.

ओर्काचे घर आवाजाचे बनलेले असते. त्याने शिकार शोधायची ती आवाजाच्या प्रतिध्वनीवरून, आणि नाते टिकवायचे तेही हाकेवर. १९९० च्या दशकात सामुद्रधुनीच्या उत्तरेला ब्रॉटन द्वीपसमूहात काही मत्स्यशेतीवाल्यांनी सील पळवण्यासाठी पाण्यात कर्कश आवाजाची यंत्रे लावली. सील किती पळाले कोण जाणे, ओर्कांनी मात्र त्या खाड्यांकडे पाठ फिरवली. १९९९ मध्ये यंत्रे बंद झाली, तेव्हा ते पुन्हा दिसू लागले.

२००७ च्या ऑगस्टमध्ये खुद्द रॉबसन बाइटमध्ये जंगलतोडीची सामग्री नेणारी बार्ज कलंडली आणि डिझेलचा टँकर ३५० मीटर खोल तळाला गेला. पृष्ठभागावर पसरलेल्या तवंगातून ओर्का पोहत गेले. टाकीत आता काही उरले नसेल, असे म्हणून विषय मिटवता आला असता. लोकांनी पाठपुरावा केला, पाणबुडी कॅमेऱ्याने तळ पाहिला गेला आणि २००९ मध्ये टँकर वर काढण्यात आला.

सर्वांत मोठा प्रश्न अन्नाचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चिनूक सॅल्मन घटला, तेव्हा ओर्कांचे मृत्यू वाढले. सॅल्मन वाचवायचा तर नद्या वाचवायला हव्यात, नद्यांसाठी जंगल हवे. शिवाय समुद्रात जाळ्यांच्या पिंजऱ्यांत होणाऱ्या सॅल्मनशेतीतून उवा आणि रोग जंगली पिलांना लागतात, अशी तक्रार मूळ रहिवासी अनेक वर्षे करत होते. २०१८ मध्ये त्यांच्याशी झालेल्या करारानंतर ब्रॉटन भागातले पिंजरे टप्प्याटप्प्याने हटवण्यास सुरुवात झाली. या किनाऱ्यावरची अशी शेती २०२९ पर्यंत थांबवण्याचे कॅनडा सरकारने जाहीर केले आहे.

या सगळ्या खटाटोपाचे फळ दिसते. उत्तरेचे रहिवासी आज तीनशेच्या वर आहेत. व्यापारी शिकारीने नाहीसे झालेले हंपबॅक व्हेल, ज्यांची इथली शिकार साठच्या दशकात थांबली, तेही सामुद्रधुनीत परतले आहेत. पण थोडे दक्षिणेला, मोठ्या बंदरांजवळ राहणारा लूनाचा समाज पंच्याहत्तरच्या आसपासच अडकून आहे. तिथे मासा कमी, जहाजे जास्त, पाण्यात विषारी रसायने जास्त. त्याच समाजातल्या एका आईने २०१८ मध्ये आपले मेलेले पिल्लू सतरा दिवस डोक्यावर तोलत समुद्रभर वाहिले. जगभरच्या लोकांनी ते दृश्य पाहिले. एकाच किनाऱ्यावरची ही दोन घराणी. एक सावरत आहे, दुसरे झगडत आहे.

हाक पुढे गेली

२०१३ च्या जुलैमध्ये अभ्यासकांना स्प्रिंगर दिसली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि तिच्या कुशीला चिकटून एक इवले पिल्लू पोहत होते. त्याचे नाव ठेवले स्पिरिट. २०१७ मध्ये दुसरे झाले, स्टॉर्म. नोंदवहीत सतलजच्या नावाखाली स्प्रिंगर आणि तिच्याखाली दोन नवी नावे आली.

सतलज आपल्या लेकीला फार काळ सांभाळू शकली नाही. दीड-दोन वर्षांच्या सहवासात तिने लेकीला एकच ठेवा दिला, घरची बोली. त्याच बोलीवरून चारशे किलोमीटर दूर परक्या पाण्यात ती ओळखली गेली, त्याच बोलीने नातेवाइकांना हाक मारली. आणि आज त्या थंड सामुद्रधुनीत गोट्यांवर अंग घासायला जाताना ती आपल्या पिलांना ज्या हाका मारते, त्याही तिच्या आईच्याच आहेत.